'गुस्तार' वापरताना या चुका टाळा: स्पॅनिशचं हे क्रियापद मराठीतूनच शिका

स्पॅनिशच्या वर्गात दोन-तीन आठवड्यांत आवडीनिवडींचा धडा येतो आणि वहीत हे वाक्य उमटतं: "यो गुस्तो एल काफे." यो म्हणजे मी, काफे म्हणजे कॉफी, गुस्तार म्हणजे आवडणं. लिहिणाऱ्याला वाटतं, 'मला कॉफी आवडते' झालं. प्रत्यक्षात 'यो गुस्तो' म्हणजे 'मी आवडतो', आणि कोणाला ते सांगायचं राहूनच गेलं. पुढे कॉफी नुसती लटकत राहते. बरोबर वाक्य आहे "मे गुस्ता एल काफे".

मी मराठी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवते, आणि ही चूक दिसली की दर वेळी हळहळ वाटते. हीच विद्यार्थिनी घरी आईला 'मी कॉफी आवडते' असं चुकूनही म्हणणार नाही. ती 'मला कॉफी आवडते' म्हणते. म्हणजे कॉफी आवडते, आणि ती मला आवडते. स्पॅनिशही नेमकं हेच म्हणतं: मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडते, एल काफे म्हणजे कॉफी. तिला येत असलेलीच गोष्ट तिने चुकवली, कारण वाक्य मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये गेलं नाही. मध्ये शाळेतलं इंग्रजी आलं. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो, म्हणून तिने 'यो' पुढे आणून बसवला. पुस्तकं इंग्रजीतली, ॲप इंग्रजीतली, त्यामुळे 'हे क्रियापद उलटं चालतं' असा इशाराही इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेला. आपल्याला ते उलटं नाही, सरळच आहे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत दिलेत. त आणि द आपल्यासारखेच दंत्य म्हणा, ट-ड नको. स्पॅनिशमध्ये लिहिताना ब आणि व ही दोन अक्षरं आहेत, पण उच्चार एकच, ब-कडे झुकणारा.

शब्द आला कुठून

गुस्तार हा लॅटिनमधल्या 'गुस्तारे'वरून आला. त्याचा अर्थ चाखणं. जिभेला जे रुचलं ते पुढे मनाला रुचलं, असा अर्थाचा प्रवास. 'गुस्तो' म्हणजे चव, तसंच आवड, अभिरुचीही. लॅटिन शब्दामागे जे प्राचीन मूळ आहे, त्याच मुळातून संस्कृतातला 'जुष्' धातू आला. जुषते म्हणजे आनंदाने सेवन करतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला जे 'अनार्यजुष्ट' म्हणतो, त्यातला 'जुष्ट' हाच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. तेव्हापासून वर्गात गुस्तार शिकवताना मी हे सांगतेच.

गुस्ता की गुस्तान?

क्रियापद कोणाबरोबर बदलतं, हा खरा प्रश्न. उत्तर मराठीत तयार आहे: जे आवडतं त्याच्याबरोबर. आपण 'मला आंबा आवडतो' आणि 'मला आंबे आवडतात' म्हणतो. आंबे अनेक झाले म्हणून 'आवडतात' आलं, आवडणारी मी एकटीच आहे. स्पॅनिशमध्ये: मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. तंतोतंत. उलट 'आम्हाला आंबा आवडतो' म्हणताना आम्ही दहा जण असलो तरी क्रियापद एकवचनीच: नोस गुस्ता एल मांगो. इथे 'आम्ही अनेक' म्हणून 'नोस गुस्तान' किंवा 'नोस गुस्तामोस' लिहिणारे खूप. नोस गुस्तामोस हे वाक्य अस्तित्वात आहे, पण त्याचा अर्थ 'आम्ही एकमेकांना आवडतो'.

आपल्याला तर लिंगही सांभाळावं लागतं: चहा आवडतो, कॉफी आवडते, दूध आवडतं. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला लिंगाचं काही पडलेलं नाही, तिन्हीला गुस्ताच. तेवढं काम कमी.

दोन वस्तू 'आणि'ने जोडल्या तर गुस्तान: मे गुस्तान एल ते इ एल काफे, चहा आणि कॉफी आवडतात. पण दोन कृती जोडल्या तर? मे गुस्ता लेएर इ एस्क्रिबिर, वाचायला आणि लिहायला आवडतं. इथे गुस्तान म्हणायचं नाही, कृती कितीही असोत. हा नियम पाठ करावा लागतो असं पुस्तकं सांगतात. मराठी माणसाला पाठ करायची गरज नाही. आपणही 'मला वाचायला, लिहायला, पोहायला आवडतं' म्हणतो, 'आवडतात' नाही.

'ले' गाळू नका

मराठीचा हात धरून चालताना पहिली ठेच इथे लागते. 'पाब्लोला चहा आवडतो' याचं स्पॅनिश लिहा म्हटलं की येतं: "आ पाब्लो गुस्ता एल ते." 'आ' म्हणजे आपला 'ला' प्रत्यय, हे मुलांनी बरोबर हेरलेलं असतं. पण स्पॅनिशला तेवढं पुरत नाही. पाब्लोचं नाव घेतलं तरी 'त्याला' पुन्हा म्हणावं लागतं: आ पाब्लो ले गुस्ता एल ते. शब्दशः 'पाब्लोला त्याला चहा आवडतो'. मराठी कानाला हे खटकतं, म्हणूनच ते राहून जातं. एकच लक्षात ठेवा: गुस्ताच्या आधी मे (मला), ते (तुला), ले (त्याला, तिला), नोस (आम्हाला), ओस (तुम्हा सगळ्यांना), लेस (त्यांना) यातलं एक हवंच. 'आ पाब्लो' नसलं तरी चालेल, 'ले' नसलं तर वाक्य लंगडं.

काही जण 'ले'ऐवजी 'लो' किंवा 'ला' घालतात, कारण 'त्याला'साठी तोही शब्द शिकलेले असतात. तो वेगळ्या कामाचा. 'मी त्याला पाहिलं' मध्ये लो. 'त्याला आवडतं' मध्ये कायम ले, 'तिला आवडतं' मध्येही ले. त्याला, तिला आणि आदरार्थी तुम्हाला, तिन्हींना एकच ले असल्यामुळे कधी कधी कोण ते सांगावं लागतं: आ एल, आ एया, आ उस्तेद. 'ला जेन्ते' म्हणजे लोक हा शब्द स्पॅनिशमध्ये एकवचनी आहे, म्हणून 'लोकांना आवडतं' याला आ ला जेन्ते ले गुस्ता, लेस नाही. (या जेन्तेतला 'ज' म्हणजे घशातला ख-ह. उच्चार 'खेन्ते'च्या जवळ जातो.)

कान देऊन ऐकायची एक जोडीही आहे. ते गुस्ता एल ते? 'तुला चहा आवडतो का?' दोन्ही ते उच्चारात सारखे. लिहिताना चहावाल्या ते-मधल्या स्वरावर तिरकी रेघ येते, 'तुला'च्या ते-वर नाही.

एल, ला, लोस, लास विसरू नका

मराठीत अशी उपपदं नाहीत, म्हणून 'मे गुस्ता काफे' सहज तोंडी येतं. आवडीची गोष्ट सर्वसाधारणपणे सांगायची असेल तर उपपद लागतंच: एल काफे, ला मुसिका, लोस पेर्रोस. पेर्रोस म्हणजे कुत्रे. इंग्रजीतही इथे उपपद नसतं, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी दोन्ही मिळून आपल्याला इथे खड्ड्यात घालतात. कृतीला मात्र उपपद नको: मे गुस्ता कान्तार, गायला आवडतं.

नकाराची जागाही बघून घ्या. आपला 'नाही' शेवटी येतो, स्पॅनिशचा 'नो' 'मे'च्याही आधी: नो मे गुस्ता. 'मे नो गुस्ता' चालत नाही.

'खूप' साठी मूचो, मुय नव्हे. मुय विशेषणाला लागतं, क्रियापदाला मूचो: मे गुस्ता मूचो. आणि 'एन्कान्तार' म्हणजे मनापासून आवडणं. त्यात 'खूप' आधीच भरलेलं आहे, म्हणून मे एन्कान्ता एवढंच म्हणा, पुढे मूचो लावू नका.

'मलाही' म्हणा, 'मीही' नको

कोणी म्हणालं, मे गुस्ता एल ते. उत्तरात तुम्ही 'यो ताम्ब्येन' म्हणालात तर ते 'मीही' झालं. विचार करा, 'मला चहा आवडतो' यावर कोणी 'मीही' म्हणालं तर आपण काय समजू? उत्तर 'मलाही'च हवं: आ मी ताम्ब्येन. समोरचा म्हणाला नो मे गुस्ता आणि तुम्हालाही आवडत नसेल तर आ मी ताम्पोको. त्याला आवडत नाही आणि तुम्हाला आवडतं, तर आ मी सी. त्याला आवडतं आणि तुम्हाला नाही, तर आ मी नो.

या चार उत्तरांत मराठी माणसाला एक गंमतशीर अडथळा आहे. 'आ मी'मधला मी हा आपला मी नाही. उच्चार तोच, पण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'मला'च्या घरातला. आपला 'मी' म्हणजे त्यांचा यो. पहिले काही दिवस हा गोंधळ होतो, मग कान सरावतो.

माणसांबद्दल बोलताना सांभाळा

आता ज्या चुकीने खरी अडचण होते ती. ऑफिसातली नवी सहकारी छान बोलते, मदत करते. तुम्हाला म्हणायचंय, तू चांगली आहेस, आपलं जमतं. तुम्ही म्हणता: मे गुस्तास. व्याकरण अगदी बरोबर. मे म्हणजे मला, गुस्तास म्हणजे तू आवडतेस. पण स्पॅनिश माणसाला त्याचा अर्थ तोच लागतो जो मराठीत कॉलेजच्या कट्ट्यावर 'तू मला आवडतेस' म्हटल्यावर लागतो. समोरची व्यक्ती लाजेल, गोंधळेल किंवा चिडेल.

नुसती चांगली वाटते, स्वभाव जमतो, यासाठी स्पॅनिशमध्ये वेगळा प्रयोग आहे: मे काएस ब्येन. काएर म्हणजे पडणं, ब्येन म्हणजे चांगलं. शब्दशः 'तू मला बरी पडतेस'. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना मे काए ब्येन, आणि पटत नसेल तर मे काए माल. शिक्षक, शेजारी, सासरची माणसं, बॉस, सगळ्यांसाठी हेच सुरक्षित. गुस्तार वस्तूंना, कृतींना, गावांना, गाण्यांना वापरा. माणसाला वापरायचं तर अर्थ माहीत असताना.

आणि तो अर्थ खरंच अभिप्रेत असेल तर मराठी तुम्हाला पूर्ण साथ देते. 'मी तुला आवडतो का?' म्हणजे ते गुस्तो? इंग्रजी शिकलेल्यांना हे वाक्य सोडवायला कागद-पेन लागतं. आपल्याकडे क्रियापदाचा शेवट 'तो' झाला की मी, 'तोस' झाला की तू. स्पॅनिशमध्ये गुस्तो झालं की मी, गुस्तास झालं की तू.

आवडला आणि आवडायचा

भूतकाळाची दोन रूपं पाहून बरेच जण धास्तावतात. मे गुस्तो (जोर शेवटच्या 'तो'वर) आणि मे गुस्ताबा. कधी कोणतं? वाक्य मराठीत म्हणून बघा. 'कालचा सिनेमा आवडला' हे पहिलं. 'लहानपणी मला कारलं आवडायचं नाही' हे दुसरं: दे निन्या नो मे गुस्ताबा. मुलगा बोलत असेल तर दे निन्यो. 'आवडला' म्हणजे एकदा चाखलं, पाहिलं आणि मत झालं. 'आवडायचा' म्हणजे त्या काळात तसं होतं. इंग्रजीत दोन्हींना बहुधा एकच रूप लागतं, म्हणून इंग्रजीतून आलेल्यांना महिनोन् महिने सराव करावा लागतो. मराठीतून या, तासाभरात जमतं.

यजमानीण जेवण झाल्यावर 'ते गुस्तो?' विचारते, तेव्हा तिला आजच्या जेवणाबद्दल ऐकायचं असतं. त्यावर मे गुस्ता म्हटलंत तर ते 'मला आवडतं' असं सर्वसाधारण विधान होतं. मे गुस्तो मूचो म्हणा, 'खूप आवडलं'.

इथे जोर चुकवू नका. शेवटच्या 'तो'वर जोर दिला तर 'मला आवडलं'. जोर 'गुस्'वर दिला तर मे गुस्तो म्हणजे 'मी मला स्वतःला आवडतो'. लिहिताना पहिल्यातल्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते. ती रेघ शोभेची नाही. ती गेली की अर्थ गेला. वर 'मी तुला आवडतो का?' साठी दिलेल्या ते गुस्तो-मध्येही हेच आहे. तिथे जोर 'गुस्'वर, आणि यजमानीणबाईंच्या ते गुस्तो-मध्ये 'तो'वर.

आवडेल

'मला यायला आवडेल' असं आपण भविष्यकाळात म्हणतो, म्हणून विद्यार्थी मे गुस्तारा बेनिर लिहितात. गुस्तारा हे साधं भविष्य: पुढे कधीतरी आवडेल, तुला हे पुस्तक वाचल्यावर आवडेल. इच्छा सांगायला मे गुस्तारिआ बेनिर. त्या एका 'रिआ'ने सौम्यपणा येतो. मराठीचं 'आवडेल' दोन्ही कामं करतं, स्पॅनिश ती वाटून घेतं.

हॉटेलात कॉफी मागताना मात्र गुस्तारच्या वाटेला फारसं जाऊ नका. मे गुस्ता उन काफे म्हणालात तर वेटरला काही मागितलंय असं वाटणारच नाही. किसिएरा उन काफे म्हणा, 'एक कॉफी हवी होती'.

प्रत्येक 'मला' म्हणजे 'मे' नाही

एवढा वेळ मराठीवर विसंबा असं सांगितलं, आता जिथे विसंबू नये ते. मराठीत 'मला'ने सुरू होणारी वाक्यं ढीगभर आहेत, आणि गुस्तार जमलं की विद्यार्थी सगळीकडे 'मे' लावत सुटतात.

'मला पाणी पाहिजे' हे मे क्येरे आग्वा नव्हे. मे क्येरे म्हणजे 'त्याचं किंवा तिचं माझ्यावर प्रेम आहे'. पाण्याचं तुमच्यावर प्रेम जडलं, असं काहीसं होतं. क्येरो आग्वा म्हणा, इथे कर्ता मी. 'मला भूक लागली' म्हणजे तेन्गो आम्ब्रे, शब्दशः 'माझ्याजवळ भूक आहे'. तहान लागली तर तेन्गो सेद. 'मला ते माहीत आहे' म्हणजे लो सेऽ, इथेही 'मे' नाही. 'मला समजलं' म्हणजे एन्तेन्दी, 'मला दिसतं' म्हणजे बेओ, 'मला गरज आहे' म्हणजे नेसेसितो. या सगळ्यांत स्पॅनिश माणूस स्वतःला कर्ता करतो. सगळ्यात फसवं 'मला आठवतं'. त्याचं स्पॅनिश मे आकुएर्दो. मे दिसलं म्हणून गुस्तारसारखं वाटतं, पण क्रियापद 'मी'चं आहे.

मग गुस्तारच्या वाटेने खरंच चालणारी कोणती? 'मला वाटतं' म्हणजे मे पारेसे. 'मला दोन युरो कमी पडतात' म्हणजे मे फाल्तान दोस एउरोस, बघा, युरो दोन म्हणून फाल्तान. 'मला फरक पडत नाही' म्हणजे नो मे इम्पोर्ता. दुकानात शर्ट घालून बघितल्यावर 'मला छान बसतो' म्हणजे मे केदा ब्येन. ही चार मराठीवरून उचलली की लगेच जमतात. डोकेदुखीत थोडा फरक आहे. आपण 'माझं डोकं दुखतंय' म्हणतो, ते म्हणतात मे दुएले ला काबेसा, 'मला दुखतं डोकं'. 'मी काबेसा' म्हणजे 'माझं डोकं' असं इथे म्हणत नाहीत. मे म्हटल्यावर डोकं कोणाचं ते कळलंच.

पुस्तकात नसलेलं काही कानावर पडलं तर

सुरुवातीला 'यो गुस्तो' चूक म्हटलं. पण कधीतरी जुन्या लिखाणात 'गुस्तो दे लेएर' वाचाल, 'मी वाचनात रमतो' अशा अर्थाने. हा 'गुस्तार दे' प्रयोग जुना आहे, आज पुस्तकी वाटतो. मागून 'दे' आहे का बघा, ती खूण. पोर्तुगीजमध्ये मात्र रोजच्या बोलण्यातच माणूस कर्ता असतो: 'एउ गोश्तु दि' म्हणजे मला आवडतं. गोव्यात १९६१ आधी शाळेत पोर्तुगीज शिकलेल्या आजीआजोबांकडून तुम्ही ते ऐकलं असेल, तर स्पॅनिशमध्ये ते आणू नका. त्याच घरात कोंकणीतलं 'म्हाका आवडटा' मात्र स्पॅनिशच्या अगदी शेजारी बसतं.

'दिस्गुस्तार' हा शब्द इंग्रजीतल्या किळसेच्या शब्दासारखा दिसतो. त्याचा अर्थ किळस नाही, नुसतं न आवडणं, वाईट वाटणं. दिस्गुस्तो म्हणजे मनस्ताप. किळसेला आस्को म्हणतात. 'मूचो गुस्तो' ओळख करून दिल्यावर म्हणतात, भेटून आनंद झाला. कोलंबियात आणि कोस्टा रिकात आभार मानल्यावर 'कोन मूचो गुस्तो' ऐकाल, तिथे ते 'त्यात काय एवढं' या अर्थाने. फेसबुकवरच्या लाइकला स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता' म्हणतात, आणि शंभर लाइक मिळाले तरी तो शब्द तसाच राहतो, सिएन मे गुस्ता.

आणि मेक्सिकोत कोणी जेवत असताना तुम्ही जवळून गेलात, तर तो माणूस ताटाकडे हात करून म्हणेल, 'गुस्ता?' त्याला तुमची आवड विचारायची आहे असं समजून 'सी, मे गुस्ता' म्हणू नका. तो तुम्हाला काही आवडतं का हे विचारत नाहीये. तो म्हणतोय, 'या जेवायला.' अशा वेळी ग्रासिआस, म्हणजे धन्यवाद, म्हणायचं आणि पुढे 'ब्वेन प्रोबेचो'. हे ब्वेन प्रोबेचो इंग्रजीत नीट सांगता येत नाही, आपल्याकडे मात्र त्यासाठी शब्द आहेत: सावकाश होऊ द्या.